बॉक्सएनची चाकं, भिंती आणि रंग : नानांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नाना, राम राम.

बॉक्सएन, म्हणजे कोळसा वाहणाऱ्या उघड्या वॅगनचं १:८७ मापाचं मॉडेल कसं करायचं, या माझ्या लेखावर तुम्ही चार हरकती घेतल्यात. चाकांमधलं अंतर ब्रॉडगेजचं नाही, त्यामुळे डबा मीटरगेजवर चढवल्यासारखा दिसतो. भिंती जाड आहेत. रंग दुकानातल्या खेळण्यासारखा आहे. आणि पुठ्ठ्यात झालं असतं ते प्लास्टिकमध्ये करून उगाच खर्च वाढवला. भुसावळ यार्डात सी अँड डब्ल्यू (कॅरेज अँड वॅगन) खात्यात वॅगन तपासण्यात हयात गेलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर उत्तर मापानिशीच द्यायला हवं.

चाकांचं आधी. १६७६ भागिले ८७ म्हणजे १९.२६ मि.मी. बाजारात मिळणारा एचओ, म्हणजे १:८७ मॉडेलचा रूळ १६.५ मि.मी.चा, खऱ्या मापात १४३५. म्हणजे तो मीटरगेज नाही, युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज आहे. तरी एका बाजूला १.३८ मि.मी. कमी पडतात हे खरंच. यावर दोन सरळ उपाय सांगितले जातात. पहिला, डबा १:१०० मध्ये करायचा, मग १६.५ चा रूळ ब्रॉडगेजला जवळजवळ तंतोतंत बसतो. पण तो डबा १:८७ च्या इंजिनामागे जोडला की बारका दिसतो, आणि ही चूक दहा फुटांवरूनही कळते. दुसरा, १९.२६ चा रूळ स्वतः टाकायचा. सरळ रूळ होईल, पण प्रत्येक पॉइंट (गाडी रूळ बदलते ती जागा) हातानं घडवायचा आणि प्रत्येक इंजिनाचा आस रुंद करायचा. काचपेटीत ठेवायच्या एका वॅगनसाठी जरूर करावं. धावत्या मांडणीसाठी मी सुचवणार नाही.

तिसरा उपाय मला पटतो, कारण फरक दिसतो कुठून ते त्यात धरलेलं आहे. बाजूनं बघताना चाकांमधलं अंतर कुणाला दिसत नाही. दिसतं ते साइडफ्रेम, म्हणजे चाकांबाहेरची चौकट, डब्याच्या कडेपासून किती आत गेली ते. म्हणून भार घेणारी फ्रेम आतच ठेवायची, तिच्यात आसाची टोकं फिरतील, आणि कॅसनब बोगीची (बॉक्सएनखालच्या चार चाकांच्या गाड्याची) नुसती दिखाऊ साइडफ्रेम प्रत्येक बाजूला १.४ मि.मी. बाहेर चिकटवायची. तयार अमेरिकन १०० टनी बोगीच्या दोन आसांमधलं अंतर २०.४ मि.मी. असतं, आपल्याला २००० भागिले ८७ म्हणजे २३ हवं. म्हणजे आतली आणि दिखाऊ, दोन्ही फ्रेम २३ च्या मापानं वेगळ्या कराव्याच लागतात. रेझिन प्रिंट करून घेतलेल्या उत्तम. चाक १००० मि.मी.चं, म्हणजे ११.५, तयार चाकं ११ ची मिळतात. त्यामुळे डबा पाव मिलिमीटर खाली बसतो, तेवढा वॉशर बोगीच्या पिव्होटवर घातला की कपलरची मध्यरेषा रुळापासून १२.७ वर येते.

ज्याला गेजची खोट सोसवतच नाही त्यानं पाचोरा-जामनेर नॅरोगेजचं मॉडेल घ्यावं. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६, आणि एन गेजचा तयार रूळ ९ मि.मी.चा. खानदेशात राहून एवढं सोपं गणित कुणी हाताळत नाही याचं नवलच वाटतं.

आता भिंती. खरा पत्रा पाच-सहा मि.मी.चा, १:८७ मध्ये तो ०.०६ होतो, आणि त्याचा डबा उभाच राहणार नाही. मग जाडी किती ठेवायची, हे बाहेरच्या आणि आतल्या मापांवरून ठरतं. बॉक्सएनची बाहेरची रुंदी ३२००, आतली २९५०, म्हणजे मॉडेलमध्ये ३६.८ आणि ३३.९. प्रत्येक बाजूला १.४ मि.मी. उरतात. त्यात ०.५ ची स्टायरीन प्लास्टिकची शीट आणि ०.९ चं स्टँचियन (भिंतीबाहेरचा उभा आधार) बसतं. लेखातली १ मि.मी.ची शीट कोळशानं भरलेल्या डब्यासाठी होती. तिथे आतली रुंदी एका मिलिमीटरनं घटली तरी वर ढीग असतो, आणि वरची कड कोपिंगच्या (कडेवरून जाणाऱ्या) पट्टीखाली झाकते. रिकामा डबा करायचा तर भिंतींना ०.५ च वापरा, तळाला १: तळ १११.५ × ३४, टोकाच्या भिंती ३४ × २४, बाजू ११२.५ × २४. यातले २२.४ आतल्या उंचीचे, १ तळाच्या शीटचा, उरलेले खाली अंडरफ्रेमवर येतात. बोगींचे मध्य ७५ मि.मी.वर. स्टँचियन आणि दारं मात्र समोर फोटो ठेवून मोजा, आठवणीवर जाऊ नका.

पातळ शीटचा धोका वेगळाच आहे. स्टँचियन एकाच अंगाला चिकटतात. प्लास्टिक चिकटवायच्या सिमेंटमधलं सॉल्व्हंट त्या अंगाला प्लास्टिक मऊ करतं, वाळताना तेवढंच अंग आकसतं आणि आठवड्याभरात बाजू धनुष्यासारखी वाकते. म्हणून आधी चार भिंती आणि तळ जोडून पेटी करायची, एक दिवस तशीच राहू द्यायची, आणि मगच स्टँचियन लावायचे, तेही बारीक ब्रशनं प्रत्येकाला वर-खाली एकेक टिपका देऊन. दोन शीट एकमेकींवर चिकटवायच्या असतील तर आतल्या शीटला दर १०-१५ मि.मी.वर १ मि.मी.चं भोक पाडा. कोंडलेलं सॉल्व्हंट निघायला वाट नसली तर ते महिन्यांनीही फुगवटा आणतं. शिवाय आपल्याकडचा मे. पारा ४४ च्या वर गेला की पातळ सिमेंट सांध्यात शिरायच्या आतच उडून जातं. जोड वरून धरल्यासारखा वाटतो आणि बोट लागताच सुटतो. उन्हाळ्यात चिकटवायचं काम सकाळी आठच्या आत उरकावं.

पुठ्ठ्याला माझा विरोध नाही. लाखेचं पॉलिश दोन्ही अंगांना पाजलं की तो पावसाळाही काढतो, आणि सपाट भिंती सुरेख येतात. अडतं ते कडांवर. ०.५ ची पट्टी कापली की पुठ्ठ्याला लव सुटते, आणि रंगाखाली तीच आधी दिसते. तळ आणि टोकाच्या भिंती पुठ्ठ्याच्या, स्टँचियन प्लास्टिकचे, असं मिश्रण सुपरग्लूनं खुशाल करा. खर्च निम्म्यावर येईल.

रंगाबद्दल तुमचं म्हणणं मला सगळ्यात जवळचं वाटतं. लेखातला फोटो फक्त मूळ रंगाचा होता, पुढचं काम त्यावरच चढतं. हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइडचा स्प्रे कोऱ्या स्टायरीनवर थेट मारू नका. त्यातलं सॉल्व्हंट पृष्ठभाग खातं आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. भांड्याच्या साबणानं धुऊन, वाळवून, करड्या प्रायमरचे दोन पातळ हात द्या. त्याच स्प्रेचा एक फवारा आधी टाकाऊ तुकड्यावर मारून बघा. एअरब्रश असेल तर ॲक्रिलिक, साधारण २० पीएसआय. भर उन्हाळ्यात थेंब हवेतच वाळतो आणि भिंत पॉलिश पेपरसारखी खरखरीत होते. तेव्हा वाळणं लांबवणारा रिटार्डर घाला, नोझल जवळ आणा. श्रावणात उलटं होतं: लॅकर वाळताना हवेतली ओल धरतं आणि वर पांढरट झाक येते. त्या दिवशी रंगाचं काम बंद. रंगात दहावा हिस्सा फिकट करडा मिसळा, कारण एवढ्या छोट्या वस्तूवर खरा रंग आहे त्यापेक्षा गडद दिसतो.

पुढे मळवणं. दीपनगरच्या वीजकेंद्राला कोळसा नेणाऱ्या रेकची वॅगन सगळीकडे सारखी काळी नसते. आतून कोळसा घासून गेलेला असतो, म्हणून तिथे गंजाचा तपकिरी आणि मधूनमधून उघडं लोखंड. काळी भुकटी फक्त कोपऱ्यांत आणि तळाला. टिपलर अख्खी वॅगन उलटी करतो तेव्हा वरची कड दाबून धरतो. त्यामुळे कोपिंग काही ठिकाणी पिचलेलं, रंग उडालेलं असतं. हे चिमट्यानं रंगाआधीच पिचवून घ्यावं, नंतर केलं तर रंग सोलतो. बोगीवर ब्रेकच्या भुकटीचा विटकरी थर, चाकाची धाव चकचकीत. ॲक्सलबॉक्सवरून तेलाचे ओघळ काढू नका. ते जुन्या चारचाकी वॅगनचं लक्षण आहे, बॉक्सएनला रोलर बेअरिंग असतात. अक्षरं मळवा, पण पीओएचच्या (ठरावीक मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीच्या) तारखेचा चौकोन स्वच्छ ठेवा, कारण तो नंतर नव्यानं रंगवलेला असतो.

धूळ आपल्या काळ्या मातीचीच घ्या, लाल नको. ती वस्त्रगाळ करून तिच्यातून लोहचुंबक दोन-तीनदा फिरवा. बेसाल्टपासून झालेल्या मातीत चुंबकाला चिकटणारे कण असतात, ते इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात. खडीचंही तसंच: तयार पाकिटातली फिकट करडी खडी इथली वाटत नाही, गडद बेसाल्टचा चुरा चाळून घ्या.

वॅगनचा नंबरही मनानं टाकू नका, तुमच्यासारखा माणूस तो वाचतो. अकरा अंक: दोन प्रकाराचे, दोन मालक रेल्वेचे (मध्य रेल्वे ०१), दोन बांधणीच्या वर्षाचे, चार क्रमांकाचे आणि शेवटचा तपासणीचा. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या अंकांची बेरीज तिप्पट करायची, त्यात उरलेल्या पाचांची बेरीज मिळवायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो अकरावा अंक. पहिले दहा १००१०९१२३४ धरले तर ४८ अधिक ५ म्हणजे ५३, म्हणून शेवटी ७.

एक मात्र तुम्हीच सांगू शकाल, नाना. टिपलरच्या दाबाच्या खुणा स्टँचियनच्या बरोबर डोक्यावर जास्त असतात की दोन स्टँचियनच्या मध्ये? आणि पेलोडरच्या धक्क्यानं फुगलेली भिंत बहुतेक दाराच्या वर फुगते की दारासकट? फोटोत हे नीट कळत नाही, आणि पुढच्या लेखातल्या वॅगनवर मला ते दाखवायचं आहे.