कोंबडी कुठे बल्ब लावते, असं विचारणाऱ्यांना

थंडी पडली की व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: देशी पिल्लांना उबेच्या बल्बची सवय लावू नका, सातव्या दिवशी बाहेर खुराड्यात सोडा. कोंबडी कुठे बल्ब लावते? थंडी खाल्ली की पिल्लं काटक होतात. मोठ्या कोंबड्यांत सोडा, त्या सांभाळून घेतात. लस हा कंपन्यांचा धंदा, हळदीचं पाणी पुरे. जास्तीत जास्त शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवा. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, नुसते जोडलेले हात.

यंदा तो माझ्या मावशीपर्यंत पोहोचला. मावशी निफाड तालुक्यातली. वनराज जातीच्या कोंबड्यांची एकदिवसीय पिल्लं आणली आहेत तिने. परवा फोनवर सहज म्हणाली, "उद्या सात दिवस होतील गं, बाहेर काढून टाकते. तेवढंच लाइटबिल वाचेल." निफाडला, भर जानेवारीत! जिथे द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, तिथे मूठभर पिल्लू उघड्या खुराड्यात! म्हणून हे लिहिणं आलं.

आधी तो टाळ्या घेणारा प्रश्न. कोंबडी बल्ब लावत नाही, कारण तिचं स्वतःचं अंग साधारण 41 अंशांचं असतं. पिल्लू जरा गारठलं की पंखाखाली शिरतं, ऊब घेतं, परत बाहेर येऊन उकरायला लागतं. दिवसभर हेच चालू असतं. म्हणून आईमागची पिल्लं तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगणात हिंडली तरी काही होत नाही, आणि गावाकडे सगळ्यांनी हेच पाहिलेलं असल्यामुळे मेसेज पटतो. मात्र हॅचरीतून, म्हणजे यंत्रात अंडी उबवतात तिथून, खोक्यात आलेल्या पिल्लांना आई नसते. आई नाही आणि बल्बही नाही, मग त्यांनी शिरायचं कुठे, हे मेसेजवाल्याने लिहिलेलं नाही. घरात खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी असेल तर खुशाल रात्री तिच्याखाली एक-दोन दिवसांची पिल्लं सरकवून बघा. बऱ्याचदा घेते. पण एक कोंबडी दहा-बारा पिल्लं पांघरते, शंभर नाही.

आता सगळ्यात घातक वाक्य: थंडी खाल्ली की काटक होतात.

सात दिवसांच्या पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, लव असते. पंखांची टोकं फुटायला लागलेली असतात एवढंच. बाहेर गारठा असताना अंगातली उष्णता टिकवून धरणं त्याला अजून पुरतं जमत नाही, ती ताकद दोन-तीन आठवड्यांत हळूहळू येते. अंग पिसांनी भरायला पाच-सहा आठवडे लागतात. म्हणूनच पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या बल्बखाली, 35 अंशांच्या आसपास तापमान ठेवायचं आणि पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंशांनी उतरवत सहाव्या आठवड्यापर्यंत 21 वर आणायचं, असा हिशेब आहे. सातव्या दिवशी पिल्लाला 32 अंश लागतात. निफाडला रात्री पारा 10 च्या खाली जातो. या दोन आकड्यांतलं अंतर पिल्लाने कशाने भरून काढायचं, काटकपणाने?

गारठलेली पिल्लं खात नाहीत, पाणी पीत नाहीत, एकमेकांवर चढतात. खालची गुदमरून मरतात. सकाळी कोपऱ्यात ढीग सापडतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, रोग आला वाटतं. रोग नंतर येतो, उरलेल्यांना. मग तीन महिन्यांनी तीच उरलेली दाखवून सांगायचं, बघा कशी दणकट निघाली! अहो, जी मेली ती दाखवायला आहेत कुठे? थंडीने पिल्लांना ताकद दिली नाही, अशक्त होती ती मारली आणि कडेला झोपलेली धडधाकटही मारली.

कुणाचं ऐकायचं तर ज्यांनी ही जात तयार केली त्यांचं ऐका. वनराज आणि ग्रामप्रिया या दोन्ही जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठीच काढल्या. मोकळं फिरावं, उकरून खावं, कमी देखभालीत तगावं, हाच त्यांचा हेतू. आणि त्याच संस्थेची शिफारस आहे की पहिले सहा आठवडे पिल्लं ऊब देऊन, लस देऊन, व्यवस्थित खाद्य घालून आत वाढवा आणि मग परसात सोडा. काटकपणासाठी काढलेल्या जातीला तिचे निर्माते सहा आठवडे देतात, आणि हा जोडलेल्या हातांचा माणूस सात दिवस देतो.

एक गोष्ट कबूल करायला हवी. अति ऊबही वाईटच. बल्बपासून लांब पळून चोच उघडी टाकून धापा टाकणारी पिल्लं मी पाहिली आहेत, आणि मे महिन्यात विदर्भात भर दुपारी बल्ब लावणाऱ्याला काय म्हणावं! थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडेच बघा. बल्बखाली गर्दी असेल तर थंडी आहे, लांब पळाली असतील तर उकडतंय, एकाच बाजूला सरकली असतील तर कुठूनतरी वारा येतोय. सगळीकडे पांगून खात-पीत असतील तर ठीक. चौथ्या आठवड्यापासून दुपारच्या उन्हात तासभर जाळीत बाहेर सोडणंही चांगलंच. आधी दिवसाचा बल्ब बंद करायचा, मग रात्रीचा. "सवय लावू नका" यात तथ्य असेल तर एवढंच.

मोठ्या कोंबड्या सांभाळून घेतात म्हणे. आपली पिल्लं सांभाळतात, परकी टोचतात. मोठ्या कोंबडीच्या विष्ठेतून रक्ती हगवणीचे जंतूही मिळतात, आणि खाली अंथरलेल्या तुसाच्या ओलसर उबदार गादीत ते एक-दोन दिवसांत लागण करायला तयार होतात. तीन ते सहा आठवड्यांच्या वयातच हा आजार जास्त घात करतो. शिवाय भांडं एकच झालं की पिल्लं अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य खातात. त्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं, पिल्लांना एखादा टक्का पुरतो. जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडांवर जातं. तेव्हा सहा आठवड्यांनंतरसुद्धा आठवडाभर मध्ये जाळी ठेवा, एकमेकांना बघू द्या, मग एकत्र करा. जाळी अर्ध्या इंचाची. मोठ्या भोकातून उंदीर येतो आणि मुंगसाला तर भोक सापडायचाच अवकाश.

लसीबद्दल फार लिहीत नाही, कारण मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, ज्याच्या खुराड्यातून गेली आहे त्याला सांगावं लागत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा थेंब, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, अठ्ठाविसाव्याला पुन्हा लासोटा. मोठ्या पक्ष्यांची मानमोडीवरची आर-टू-बी लस सहा आठवड्यांच्या आत टोचली तर पिल्लांना त्रास होतो, हे मात्र खरं, आणि "लसीने पिल्लं मेली" या गोष्टींचं मूळ कधीकधी तिथे असतं. हळदीचं पाणी द्यायचं तर द्या. मानमोडी त्याने थांबत नाही.

ज्यांनी मेसेज वाचून पिल्लं आधीच बाहेर काढली आहेत त्यांनी आज दिवस मावळायच्या आत ती परत घरात घ्यावीत. पुठ्ठ्याचा गोल घेर करा, कोपरा राहू देऊ नका, खाली कोरडं भाताचं तूस पसरा. गारठून मलूल झालेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, ते सावरलं की मग कोमट गुळाचं पाणी, खाद्य त्यानंतर. पिल्लामागे दोन वॅटच्या हिशेबाने बल्ब, फूट-दीड फूट उंचीवर, साखळीने पक्का बांधलेला, तुसात पडणार नाही असा. आणि तो जुना, पिवळ्या उजेडाचा, तारेचाच हवा. मावशीला विचारल्यावर कळलं की तिच्याकडे एलईडी टांगलाय. त्याने उजेड पडतो, ऊब काही मिळत नाही.