‘मंग सापडला का त्यो?’

सर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा झोंबली, दुसऱ्यांदा निम्मी पटली.

स्कॉटिश लेखक इयन रँकिनच्या ‘ब्लॅक अँड ब्लू’ या रहस्यकादंबरीवर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मराठवाड्यात दुष्काळ, कर्ज, आत्महत्या यांचा अंधार काय कमी आहे, म्हणून स्कॉटलंडचा आणखी विकत आणायचा? दारू पिणाऱ्या, नियम मोडणाऱ्या पोलिसाला डोक्यावर का घ्यायचं? आणि ‘मालिका कुठूनही वाचायला घ्या’ या माझ्या वाक्यावर भरवसा ठेवून तुम्ही हेच पुस्तक घेतलंत आणि नावांच्या गर्दीत हरवलात. जाता जाता झुंजारची आठवणही काढलीत, शेवटच्या पानावर गुन्हेगार सापडायचा आणि वाचणारा सुखानं झोपायचा म्हणून.

शेवटच्या आक्षेपात चूक माझीच आहे. एडिंबराचा पोलीस इन्स्पेक्टर रीबस याच्या मालिकेतलं हे आठवं पुस्तक. आधीची सात वाचून मी त्याच्यापाशी पोचलो होतो, त्यामुळे नवख्याला काय काय माहीत नसतं तेच विसरून गेलो. चार प्रकरणं एकाच वेळी चाललेली, माणसं एडिंबराहून ग्लासगोला, तिथून अॅबर्डीनला, मग शेटलंडला. आणि कोणाचं कोणाशी जुनं वैर आहे हे लेखक पुन्हा बसून सांगत नाही. तुम्ही शंभर पानं रेटलीत हेच खूप.

झुंजारवर मीही वाढलोय. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या आमच्या वाचनालयात होत्या तेवढ्या सगळ्या वाचल्या. (कुणीतरी नेमकं शेवटचं पान फाडून नेलेलं असायचं. मग गुन्हेगार कोण ते आम्हीच ठरवायचो, आणि त्यावरून भांडणंही व्हायची.) पण झुंजारचं वय कधी वाढलं नाही. रीबसचं वाढतं. १९८७ मध्ये पहिल्या पुस्तकात भेटतो तेव्हा तो चाळिशीचा, घटस्फोटित. २००७ च्या ‘एक्झिट म्युझिक’मध्ये, सतराव्या पुस्तकात, साठ पूर्ण झाली म्हणून नोकरीतून निवृत्त होतो. मधल्या वीस वर्षांत त्याचं शरीर थकतं, मुलगी दूर जाते, हाताखाली शिकलेली माणसं पुढं निघून जातात. मी मालिका वाचतो ती या झिजण्यासाठी. खून कुणी केला हे मला वाचून झाल्यावर पुष्कळदा आठवतही नाही.

आता अंधार. या कादंबरीच्या पाठीशी एक खरं प्रकरण आहे. १९६८-६९ मध्ये ग्लासगोच्या बॅरोलँड या नाचघरात गेलेल्या तीन बायकांचे खून झाले. तिसरीची बहीण त्या रात्री खुन्याबरोबर एकाच टॅक्सीत बसली होती. तो बायबलमधलं काहीबाही बोलत होता, असं तिनं सांगितलं, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचं नाव पाडलं बायबल जॉन. १९९६ मध्ये डीएनए तपासणीसाठी एका मृत संशयिताचं प्रेत उकरून काढलं, तरी काही सिद्ध झालं नाही. दुसऱ्याच वर्षी हे पुस्तक आलं. त्यात रँकिननं बायबल जॉनला जिवंत ठेवलंय, पांढरपेशा, वयस्क, आणि आपल्यासारखेच खून करत सुटलेल्या पोरावर चिडलेला. शेवटी तो सापडत नाही अशी तुमची तक्रार असणार, म्हणून सांगतो: जो खऱ्या आयुष्यात सापडला नाही त्याला कादंबरीत पकडून द्यायचं लेखकानं टाळलंय.

माझे चुलते हवालदार म्हणून निवृत्त झालेत. इंग्रजी येत नाही. मे महिन्यात लाईट गेली की आम्ही गच्चीवर बाज टाकतो, तिथं तीन रात्रीत मी त्यांना ही गोष्ट सांगितली. मधेच अडवायचे. ‘पंचनामा कोन केला?’ ‘मुद्देमाल कुठं ठुला?’ बायबल जॉनचं ऐकल्यावर विचारलं, ‘मंग सापडला का त्यो?’

‘नाही.’

‘म्हंजे ए समरी.’

तुम्हाला माहीत असेलच, तरी इतरांसाठी सांगतो. गुन्हा खरा आहे पण गुन्हेगार मिळत नाही, तेव्हा आपल्याकडे पोलीस ‘ए समरी’चा अहवाल कोर्टात पाठवतात. खोटी फिर्याद असेल तर ‘बी’.

मग बराच वेळ गप्प बसून त्यांनी एका विहिरीतल्या बाईचं सांगितलं. गळ्यावर खुणा होत्या, गुन्हा दाखल झाला, पण ती कोण हेच कळेना. डाव्या पायात जोडवं होतं. उजव्या पायात नव्हतं, बोटावर पांढरा वळ तेवढा. जोडव्याचं पाकीट लाखेनं सील केलं ते काकांनीच. फोटो घेऊन चौदा गावं सायकलवर फिरले. शेवटी ए समरी. ‘दुसरं जोडवं कोनाकडं तरी असंल की,’ एवढं म्हणून कुशीवर वळले. इतक्या वर्षांत घरात कुणी हे ऐकलं नव्हतं. एडिंबराच्या पोलिसाचं ऐकता ऐकता ते निघालं. म्हणून अंधार विकत आणल्याचा आरोप मला मान्य करता येत नाही, सर.

डोक्यावर घेण्याबद्दल मात्र भांडतो. रीबसच्या गुरूनं एका माणसाला तुरुंगात धाडलं होतं. पुरावा पेरलेला होता का, हे टीव्हीवाले उकरून काढताहेत, आणि रीबसनं त्या वेळी गुरूची बाजू घेतली होती. पुस्तकभर त्याच्यामागे चौकशी आहे. दारूचं म्हणाल, तर जॅक मॉर्टन हा जुना मित्र, स्वतः पिणं सोडलेला, त्याच्याजवळ मुक्काम ठोकतो आणि त्याची सोडवायला बघतो. तुम्ही शंभराव्या पानावर थांबलात, मॉर्टनचा हा मुक्काम त्यानंतरचा आहे.

पुन्हा हात घालणार असाल तर ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करा. पातळ पुस्तक आहे, थोडं कच्चंही. रँकिन तेव्हा तिशीच्या आतला होता. मूळ लेखातलं ‘कुठूनही’ आज काढून टाकलंय.