‘बायकांनाच नोकरी नको आहे’ या दाव्याबद्दल

सोसायट्यांच्या आणि शाळांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. मुलींचे शिक्षण फुकट झाले, बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली, तरीही शिकलेल्या बायका घरीच बसतात. म्हणजे त्यांनाच नोकरी नको आहे आणि सरकारने यावर आणखी पैसा घालवू नये, असा त्याचा आशय आहे.

फुकट शिक्षणाचा मुद्दा लवकर आटोपतो. राज्याने 2024 मध्ये दिलेली शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती असून तिला कुटुंबाच्या 8 लाखांच्या वार्षिक उत्पन्नाची अट आहे. त्या वर्षी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला बसलेली मुलगी 2028 मध्ये पदवीधर होईल. ती घरी बसली, हे या मजकुराला आधीच कसे कळले?

रजेचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 12 आठवड्यांची रजा 26 वर नेली खरी, परंतु कर्मचारी राज्य विमा योजनेत (तिच्यात हा पगार विम्याच्या निधीतून मिळतो) न बसणाऱ्या बाईचा या काळातला पूर्ण पगार मालकानेच द्यायचा असल्यामुळे, ज्या कायद्याने तिची नोकरी टिकवायची तोच तिला नोकरीवर घेताना मालकाला खर्चिक वाटू लागतो. मुलाखतीत ‘लग्न ठरलंय का?’ हा प्रश्न उगाच येत नाही. शिवाय दुसऱ्यांच्या घरी पगारावर घरकाम करणाऱ्या बाईच्या वाट्याला ही रजा येतच नाही.

आता ‘नको आहे’ याकडे वळू. 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला 289 मिनिटे घालवतात, पुरुष 88. लोअर परळला साडेनऊ ते सहा नोकरी करणारी विरारची आई सकाळी साडेसातच्या सुमारास घर सोडते आणि गाडीत चढायला मिळाले तर आठच्या आसपास परतते. केंद्राच्या ‘पालणा’ योजनेतले पाळणाघर मात्र दिवसाला साडेसात तास चालवायचे असते. उरलेले पाच तास मूल कोणाकडे? सासूबाई असल्या तर नोकरी टिकते, नसल्या तर राजीनामा जातो आणि तो ‘स्वेच्छेने’ म्हणून नोंदला जातो. 50 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. पण तान्ह्या मुलाला गर्दीच्या वेळी लोकलमधून लोअर परळला न्यायचे, हे विरारहून प्रवास न केलेल्यालाच सुचू शकते.

इच्छाच नसती तर शहरी स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण, 2017-18 मधील 20.4 टक्क्यांवरून 2023-24 मध्ये 28 टक्क्यांवर गेला नसता. हा आकडाही समाधानाचा नाही, आणि पैसा नेमका कुठे घालायचा हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. रजेच्या पगाराचा काही भाग सरकारी निधीतून द्यावा. आणि विरार, बदलापूर, पनवेल येथे स्थानकाच्या चालत्या अंतरावर सकाळी 7 ते रात्री साडेआठपर्यंत उघडी राहणारी पाळणाघरे, जिथे पालिका शाळांचे वर्ग रिकामे असतील तिथे त्यांतच, सुरू करावीत.