‘पंधरा मिनिटे सांगून सहा मिनिटांत वर काढले’ या अभिप्रायास उत्तर

माननीय महोदय,

मालवणच्या आमच्या स्कूबा डायव्हिंगला आपण एक तारा दिला आहे. पंधरा मिनिटांचे पैसे घेऊन सहा मिनिटांत वर काढले आणि खोल पाण्याच्या आपल्या भीतीची आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने थट्टा केली, असे आपण लिहिले आहे. थट्टेबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. “काका, इथे बुडायलासुद्धा पाणी पुरत नाही,” असे तो धीर देण्यासाठी म्हणाला होता. पण घाबरलेल्या माणसाला ते टोचते, हे मी त्याला समजावले आहे.

सहा मिनिटांबद्दल मात्र लिहिणे भाग आहे. आपणच लिहिले आहे की, “मी मजेत होतो, अंगठा दाखवून तसे सांगितलेही.” पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे ‘मला वर न्या’. ‘ठीक आहे’ सांगायचे असेल, तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो. ही खूण होडीत आपल्याला दोनदा दाखवली होती. आम्ही दिलेला व्हिडिओ कृपया पुन्हा पाहावा. आपण अंगठा दाखवताच मुलाने तीच खूण करून खात्री करून घेतली, त्यावर आपण दोन्ही हातांचे अंगठे वर केले. ज्याला पोहता येत नाही असा माणूस दोन्ही अंगठे दाखवत असताना त्याला खाली धरून ठेवणे आमच्या धंद्यात बसत नाही.

शिवाय त्याआधी होडीच्या शिडीला धरून आपली बावीस मिनिटे गेली, ती आपण मोजली नाहीत. भीती वाटण्यात कमीपणा नाही; माझे वडील आयुष्यभर मासेमारी करूनही बुडी मारायला कचरत. म्हणूनच आम्ही कोणाला ढकलत नाही. आधी चेहरा पाण्यात ठेवून तोंडाने श्वास घेण्याची सवय करवतो, श्वास सावकाश सोडायला लावतो, कारण धाप लागली की भीती वाढते आणि सिलिंडरमधली हवाही लवकर संपते. पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच कान दुखू लागतात, तेव्हा तिथे थांबून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायला सांगतो. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. आपण पाच मीटरपर्यंत गेलात आणि शिडी सोडायला तयार नसलेल्या माणसासाठी ते थोडे नाही, असे मला आजही वाटते. आपण साडेसातऐवजी सव्वानऊला आलात आणि तोवर वारा सुटून पाणी गढूळ झाले होते, याचा उल्लेख अभिप्रायात नाही, असो.

खुणांचा फलक होडीत लावण्याचे मनात आहे, मुलांनाही बोलण्याबाबत सूचना दिल्या आहेत. पैसे परत करणे मला खरोखर परवडणारे नाही, कारण सप्टेंबर ते मे एवढाच आमचा हंगाम आणि दिवाळीच्या तोंडावर एका ताऱ्यामुळे किती फोन थांबतात, हे आम्हालाच ठाऊक. आपली नऊ मिनिटे मात्र आमच्याकडे जमा आहेत. पुन्हा आल्यास त्यांचे पैसे घेणार नाही. फक्त सकाळी आठच्या आत यावे, आणि २५ मेच्या आधी. त्यानंतर पावसाळ्यासाठी समुद्र बंद होतो.

आपला नम्र,
मालक