‘जन्मल्यावर रडलं नाही म्हणजे मेंदू गेला’? तसं नसतं

सध्या एक मजकूर फिरतोय: ‘बाळ जन्मल्याबरोबर रडलं नाही तर चार मिनिटांत मेंदू कायमचा जातो. अपगार (जन्मल्यावर लगेच बाळाला दिले जाणारे गुण) कमी म्हणजे मूल मतिमंद. त्यावर इलाज नाही. मात्र दोन वर्षांत चालायला-बोलायला लागलं, तर सुटलात.’ पहिली तीन वाक्यं आईबापांना उगाच घाबरवतात. चौथं उगाच निश्चिंत करतं, आणि माझ्या मते तेच जास्त घातक आहे.

आधी रडण्याचं. दहातल्या साधारण एका बाळाला श्वास सुरू करायला थोडी मदत लागते. अंग कोरडं करायचं, पाठ चोळायची, तरी श्वास आला नाही तर तोंडा-नाकावर मास्क धरून पिशवीने हवा द्यायची. बहुतेक बाळं एवढ्यावर श्वास घेऊ लागतात. ‘चार मिनिटं’ हा हिशेब मोठ्या माणसाचं हृदय बंद पडल्यावरचा. न रडलेल्या बाळाचं हृदय बहुतेक वेळा चालू असतं.

अपगारचं म्हणाल, तर व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी 1953 साली ही पद्धत प्रसिद्ध केली, ती बाळाची त्या क्षणाची अवस्था झटकन कळावी म्हणून. ठोके, श्वास, रंग, हातापायांतला जोर आणि प्रतिसाद, प्रत्येकाला 0 ते 2 गुण. नुसते तळवे निळसर असले तरी एक गुण जातो. यावरून दहा वर्षांनंतरची बुद्धी कशी सांगणार? पुढचा अंदाज बांधायला नंतरच्या तासांतली गुंगी, झटके, दूध ओढण्याची ताकद आणि एमआरआय जास्त उपयोगी पडतात. (सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसण्याचा, दोष सरसकट बाळंतपणावर टाकू नका, हे फ्रॉइडने 1897 मध्येच सुचवलं होतं. तेव्हा तो मेंदूविकारांवर काम करत होता.)

आता ‘इलाज नाही’. प्राणवायू तुटला की मेंदूच्या पेशींची ऊर्जा संपते. रक्तपुरवठा परत आला की पेशी सावरल्यासारख्या दिसतात, पण काही तासांनी ऊर्जा पुन्हा ढासळते आणि खरी पडझड तेव्हा होते. मधली उसंत हीच उपचाराची वेळ. पूर्ण दिवसांच्या बाळाला मध्यम किंवा तीव्र इजा असेल, तर सहा तासांच्या आत शरीराचं तापमान 33 ते 34 अंश सेल्सिअसवर आणून 72 तास तिथेच ठेवतात. यामुळे मृत्यू आणि गंभीर अपंगत्व कमी होतं, हे मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. पण सगळीकडे नाही: भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थंड केलेल्या बाळांमध्ये मृत्यू उलट जास्त निघाले. म्हणजे सुसज्ज अतिदक्षता विभागातही हा उपचार सगळीकडे सारखाच लागू पडेल असं नाही. घरी बाळाला गार ठेवणं तर निव्वळ धोका आहे, उपचार नव्हे.

राहिलं चौथं वाक्य, ‘दोन वर्षांत चालायला-बोलायला लागलं, तर सुटलात’. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा आठवणी साठवणारा भाग प्राणवायूच्या तुटवड्याला फार लवकर बळी पडतो. दोन वर्षांच्या मुलाकडून आठवणींचं कामच थोडं घेतलं जातं, त्यामुळे उणीव दिसत नाही. 1997 मध्ये लंडनच्या मेंदू-मानसतज्ज्ञ फराने वर्गा-खादेम आणि सहकाऱ्यांनी लहानपणीच हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या तिघांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या एकीला ही इजा जन्मतःच झाली होती. तिघंही नेहमीच्या शाळेत शिकली, वाचायला-लिहायला शिकली, शब्दसंग्रह बरा होता. पण वस्तू कुठे ठेवली, आज काय ठरलं, दिवसभरात काय घडलं, हे त्यांना आठवायचं नाही. ज्ञान साठत होतं, घडलेले प्रसंग मात्र निसटत होते.

इतकं टोकाचं क्वचितच होतं. सौम्य इजेची बहुतेक मुलं बरोबरीच्यांसारखीच शिकतात. पण मध्यम इजेनंतर सेरेब्रल पाल्सी नसलेल्या काही मुलांनाही शाळेत लक्ष आणि स्मरणशक्ती कमी पडते. धडा घडाघडा वाचणारं मूल गृहपाठ काय दिला ते सांगू शकत नाही, आणि त्याला ‘वेंधळं’ म्हणून ओरडा बसतो. दोन वर्षांच्या तपासणीत सगळं ठीक असलं, तरी शाळेत जाण्याआधी आणि सात-आठच्या सुमारास पुन्हा तपासणी करून घ्या. जाताना जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. झटके आले होते का, एमआरआयमध्ये काय दिसलं, हे तपासणारा आधी विचारेल.