अनामिक यांना उत्तर: ‘मनाचे खेळ’ आणि माझे नवे स्पीकर

अनामिक महाशय,

हार्बेथ या ब्रिटिश कंपनीचा छोटा पी-थ्री स्पीकर सोडून मी त्यांचाच मोठा कॉम्पॅक्ट सेव्हन घेतला, त्यावरच्या माझ्या ‘पी-थ्री ते कॉम्पॅक्ट सेव्हन’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाचताना ‘काका’ या शब्दापाशीच अडकलो. “काका, हे सगळे मनाचे खेळ आहेत. त्याच कंपनीचं थोडं मोठं खोकं घेतलंत आणि पैसे गेले म्हणून आवाज गोड लागतोय. डोळे बांधून ऐका, फरक कळणार नाही. त्यापेक्षा आधी खोली सुधारा,” असं तुम्ही लिहिलंत. पुढे महागड्या तारा फुकट आहेत हे, फ्लॉइड टूल यांचा दाखला, माझ्या खोलीच्या घुमाऱ्यांचा हिशोब, आणि सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर) का घेत नाही हा प्रश्न.

वयाचा मान म्हणून काका म्हणाला असतात तर आनंद होता. पण वाक्याच्या सुरुवातीला ‘काका’ आणि शेवटी ‘कळणार नाही’ असलं की तो मान नसतो, हे आम्हा पुणेकरांना कुणी शिकवावं लागत नाही. नाव न लिहिता दुसऱ्याच्या कानांवर निकाल द्यायचा, ही सोय इंटरनेटने करून दिली. समोरासमोर बसून हेच वाक्य तुम्ही बोलला असतात का?

आता एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. महागड्या तारांबद्दल तुम्ही लिहिलंय ते योग्य आहे. पुरेशा जाडीची तांब्याची साधी तार घ्यावी, उरलेल्या पैशांत तबकड्या घ्याव्यात. मी स्वतः तेच करतो, फक्त लेखात लिहिलं नव्हतं. म्हणजे मी प्रत्येक गोष्टीला भुलणारा गिऱ्हाईक नाही, एवढं तरी तुमच्या ध्यानात यावं.

‘मनाचे खेळ’ याकडे वळतो. हार्बेथचा छोटा पी-थ्री बंद पेटीचा आहे. कंपनीच्याच आकड्यांनुसार तो खाली 75 हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं; आकडा कमी तितका सूर खालचा) धड उतरतो, आणि कॉम्पॅक्ट सेव्हन 46 पर्यंत. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण 139 हर्ट्झ, म्हणजे त्याच्या तंबोऱ्याच्या खर्जाची तार 69 च्या आसपास. पी-थ्रीचा आवाज क्षीण व्हायला लागतो तो नेमका तिथेच. आता तुम्ही म्हणाल की जवारीमुळे (तंबोऱ्याच्या घोडीवर तारेला येणाऱ्या झंकारामुळे) वरचे स्वरांशच ठळक ऐकू येतात, मूळ स्वर क्षीण असतो. असेल. मग बायाँचं, म्हणजे डग्ग्याचं काय? बायाँ दाबून घुमवला की जे पोटात जाणवतं, त्याचा बराचसा भाग शंभर हर्ट्झच्या खाली असतो. छोट्या पेटीतून तबलजी डाव्या हाताने थोडा आळशी वाटायचा. आता वाटत नाही. यात माझं मन कुठे आलं?

संवेदनशीलतेचंही, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो त्याचंही, तसंच. पी-थ्री 83 डेसिबलचा, कॉम्पॅक्ट सेव्हन 86 चा. तीन डेसिबल म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते. माझा अँप्लिफायर 30 वॅटचा आहे, त्याला हा फरक फार मोठा. हे पैसे मोजण्याआधीही असंच होतं आणि नंतरही असंच आहे.

तुम्ही स्पीकरांवर संशोधन करणाऱ्या फ्लॉइड टूल यांचं नाव टाकलंत, जणू मी ते पहिल्यांदाच ऐकतोय. टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये दाखवून दिलं की स्पीकर डोळ्यांना दिसत असले की लोकांची मतं आकार, किंमत, रूप यांनी बदलतात. कबूल. पण त्याच टूल यांच्या कामातून हेही निघतं की पडद्याआडही स्पीकर वेगळे ऐकू येतात, आणि कोणते चांगले यावर ऐकणाऱ्यांचं बऱ्यापैकी एकमत होतं. म्हणजे तुम्ही ज्यांना साक्षीला बोलावलंत तेच सांगताहेत की फरक कळतो. अर्धीच साक्ष वाचून निकाल देऊ नये.

राहिला डोळे बांधण्याचा प्रश्न. कुणी बांधायचे? एकेक कॉम्पॅक्ट सेव्हन तेरा किलोचा. मी डोळ्यांवर पट्टी बांधून सोफ्यावर बसायचं आणि बायकोने स्टँडवरून जोड्या बदलायच्या, तेही आवाजाची पातळी बरोबर जुळवून? तुमच्या घरी होत असेल, तुमचं अभिनंदन.

शिवाय मी काही काल ऐकायला लागलो नाही. वडिलांच्या रेडिओवर रात्रीच्या मैफली ऐकत वाढलो. ‘सवाई’ रमणबागेत असायची तेव्हापासून जातो. (तिथेही आवाज कर्ण्यांतूनच येतो, हे मला माहीत आहे, लगेच लिहायला बसू नका.) पण वाड्यातल्या बैठकांत, माइकशिवाय, गायकापासून हातभर अंतरावरही बसलोय. माणसाचा गळा छातीतून कसा येतो ते मला ठाऊक आहे. हार्बेथ काढणारे हारवूड बीबीसीतले अभियंते होते, आणि तिथे स्पीकर जोखायचे ते माणसाच्या जिवंत आवाजाशी ताडून. हा इतिहास मला भावतो म्हणून मी आंधळा ठरत नाही.

खोलीबद्दल थोडक्यात. दहा फूट रुंदीमुळे खोली 56 हर्ट्झला घुमते, साडेनऊ फूट उंच छतामुळे 59 ला, दोन्ही घुमारे एकमेकांवर चढतात, हा तुमचा हिशोब चोख आहे. पण मी रुंदीच्या मधोमध बसतो, आणि रुंदीच्या त्या 56 च्या घुमाऱ्याचा जोर तिथे जवळजवळ नसतोच. उरला छताचा. त्यावर कधीतरी वेगळा लेख लिहीन. सध्या भिंतीवर कापसाच्या गाद्या टांगायची परवानगी मला घरातून नाही.

सबवूफर का घेत नाही? खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तुमच्याकडे कोणते स्पीकर आहेत तेही लिहा. आणि जमल्यास नाव.