सहीवर वॉटरमार्क मारणाऱ्यांनो

काल रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या भाचीच्या सहीवर कुठल्यातरी वेबसाइटचं नाव छापून आलं. तिरकं, करड्या अक्षरांत, सहीच्या बरोब्बर मधून. भरतीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कालचीच होती आणि बाराच्या ठोक्याला लिंक बंद होणार होती. पोरगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "मावशी, आता गं?" तेव्हापासून माझं डोकं फिरलंय ते अजून ताळ्यावर नाही.

सांगते. फॉर्मला फोटो हवा, सही हवी, डाव्या अंगठ्याचा ठसा हवा आणि हाताने लिहिलेलं घोषणापत्र हवं. चारही जेपीजीमध्ये, फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. तिने संध्याकाळी सगळं नीट काढलं. पांढरा कागद, काळं शाईपेन, खिडकीचा उजेड. व्हॉट्सॲपवरून साधं पाठवलं तर अक्षर फाटतं म्हणून डॉक्युमेंट करून माझ्या लॅपटॉपवर पाठवलं. चारही फाइल एचईआयसी, म्हणजे आयफोन फोटो ज्या फॉरमॅटमध्ये ठेवतो त्यात! लॅपटॉपला उघडता येईनात, आणि फॉर्म एकच वाक्य फेकतो, ‘इनव्हॅलिड फाइल’. काय इनव्हॅलिड? फॉरमॅट, आकार, की नावातली मोकळी जागा? लिहा की मेल्यांनो! फी घेताना रुपया न् पैसा चोख सांगता, आणि चूक सांगताना दोन शब्दांत वाचा बसते!

मग काय, सगळे करतात तेच केलं. ‘एचईआयसी टू जेपीजी फ्री’ असं टाकून फॉरमॅट बदलून देणाऱ्या साइट शोधल्या.

पहिल्या साइटवर हिरवीगार दोन बटणं, दोन्हीवर ‘डाउनलोड’, आणि दोन्ही जाहिराती. एक दाबलं तर भलतंच इन्स्टॉलर उतरलं. खरं बटण खाली कोपऱ्यात, करड्या रंगात, मुंगीएवढं. हे चुकून होत नाही. माणूस घाईत आहे हे ओळखून कुणीतरी बसून ते बटण तिथे लपवलंय. दुसरीने दोन फाइल करून दिल्या आणि तिसऱ्या फाइलला म्हणाली आजची मर्यादा संपली, महिन्याचे पैसे भरा. तिसऱ्या साइटने उरलेल्या दोन केल्या आणि सहीवर आपला शिक्का मारला. सहीवर! ज्या सहीने उद्या ती पोरगी परीक्षेच्या हॉलमध्ये ओळख पटवणार, त्या सहीवर! आधी सांगायचं ना, शिक्का मारणार म्हणून. फाइल घेताना ‘फ्री’, काम होताना ‘फ्री’, आणि परत देताना घाण करून.

चौथ्या साइटवर सही धड झाली. तोवर फोटो जेपीजी झाला होता, पण पावणेदोन एमबी. लहान करायला गेलो तर १७ केबी, फॉर्म म्हणे कमी. पुन्हा केला, ५३, फॉर्म म्हणे जास्त. एकदा तर फोटो आडवाच पडला. अकरा पंचवीस झाले होते.

आणि ह्या धावपळीत माझ्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय. तेवीस वर्षांच्या मुलीचा चेहरा, सही, अंगठ्याचा ठसा आणि अक्षर, एका तासात चार अनोळखी सर्व्हरवर. फोनने काढलेल्या फोटोत लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही असतात, ते वेगळेच. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण कोऱ्या कागदावर अंगठा उठवायचा नाही एवढं तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तिच्या माहेरची जमीन सावकाराकडे तशीच गेली होती. आणि आम्ही शिकल्यासवरल्यांनी काल अंगठा कुणाला दिला तेही ठाऊक नाही! जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, सिलिकॉनचे अंगठे बनवून, आधारवरून लोकांच्या खात्यांतले पैसे काढल्याच्या केसेस ह्याच देशात झाल्यात. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने जाहीर इशारा दिला होता, की फुकटातल्या काही कन्व्हर्टर साइट काम करून देतात आणि परत दिलेल्या फाइलमधून मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरात घालतात, दिलेल्या फाइलमधली माहितीही काढून घेतात. ‘तुमच्या फाइल आम्ही चोवीस तासांत पुसतो’ असं त्या पानाखाली लिहिलेलं असतं. बघायला कोण जातंय?

जेपीजी १९९२ सालचं. एचईआयसी आयफोनमध्ये आलं २०१७ साली. जागा कमी खातं, मान्य. पण तेव्हापासून इतकी वर्षं गेली, लाखो पोरं फोनवर फोटो काढून फॉर्म भरतात, आणि फॉर्म बनवणाऱ्याला अजून हे गावीच नाही? जी फाइल येईल ती घ्यायची, आपल्याच सर्व्हरवर जेपीजी करायची, हवी तेवढी लहान करायची, आणि ‘ही चालेल का’ म्हणून दाखवायची. हे काम फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने वर्षानुवर्षं होतंय. ते करायचं नाही, आणि गावाकडच्या पोरीला सायबर कॅफेत पाठवायचं. तिथे तर चार फाइलचे पैसे घेतात आणि आधी येऊन गेलेल्या पन्नास जणांची आधार कार्डं डेस्कटॉपवर उघडी पडलेली असतात. मागच्या वर्षी ह्या डोळ्यांनी बघितलंय. पुसा म्हटलं तर कॅफेवाला माझ्याकडेच विचित्र बघायला लागला.

निकाल लावतात तेव्हा मात्र हेच लोक वाकडी स्कॅन केलेली पीडीएफ टाकतात, ज्यात नाव शोधताही येत नाही. तिथे केबीची अट नाही.

शेवटी साडेअकराला शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराला उठवलं. त्याने भाचीचा फोन घेतला, सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, ‘मोस्ट कम्पॅटिबल’. झालं. फोन त्यापुढे सरळ जेपीजीच काढतो. चारही फोटो पुन्हा काढले, लॅपटॉपवर पेंटमध्ये लहान केले, कुठेही काही अपलोड न करता. अकरा बावन्नला फॉर्म गेला.

ती एक ओळ सूचनांच्या त्या लांबलचक पीडीएफमध्ये कुठेही नाही. मी आज सकाळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली. शाई काळी हवी, कागद पांढरा हवा, सही कॅपिटलमध्ये नको, सगळं आहे. ती ओळ नाही. आणि पोरीचा अंगठा अनोळखी सर्व्हरवर पडलाय तो पडलाच आहे.